अडीनडीची गाडी

"मामा, स्प्लेंडर घेऊ का प्लॅटिना?"

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागल्याचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी भाच्याने मला फोनवर हे विचारलं. ताईचं गाव खुलताबादजवळ. तिथून घाट उतरायचा, दौलताबादच्या किल्ल्याच्या वेशीतून बाहेर पडायचं, मग शरणापूर, साजापूर करत वाळूज. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. पाळ्या बदलत्या, रात्रपाळी सुटल्यावर एसटीचा भरवसा नाही. गाडी घेणं भागच होतं आणि घरची ऐपत शंभर सीसीच्या पुढे जाणारी नव्हती. मी म्हणालो, "आठ दिवस दे. बघून सांगतो."

आठ दिवसांचे दोन महिने झाले. या काळात दोन्ही गाड्या मागून आणल्या, चालवल्या, उघडलेल्या पाहिल्या, विकल्या जाताना पाहिल्या. ज्यांचं पोट या गाड्यांवर चालतं अशा माणसांच्या शेजारी बसलो. भाच्याचा प्रश्न सोपा वाटला होता, तो सोपा नव्हता.

चहाच्या टपरीवर विचारलं की पहिला शब्द येतो तो ॲव्हरेज. तो हिशेब आधी उरकून घेऊ. नीट चालवल्या तर दोन्ही गाड्या लिटरला साठ-सत्तरच्या घरात जातात. समजा एकीने ६५ दिलं आणि दुसरीने ६०. रोजचे ६० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,५६० किलोमीटर. एकीला २४ लिटर लागेल, दुसरीला २६. फरक दोन लिटरचा. पेट्रोल शंभरीपार गेलेलं असताना महिन्याला दोनशेहून थोडे जास्त रुपये. पहिल्या पगाराच्या घरात दोनशे रुपयेही मोजूनच खर्च होतात, हे मला ठाऊक आहे. पण तेवढा फरक गाडीपेक्षा मूठ पिळायच्या सवयीने, चाकातल्या कमी हवेने आणि घासत राहिलेल्या ब्रेकने जास्त पडतो. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या दोन भावांच्या हाताखाली वेगवेगळं ॲव्हरेज देताना मी पाहिल्या आहेत. म्हणून ॲव्हरेजवरून या दोघींचा निकाल लावायचा नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

खरी गोष्ट पडेगावच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात उलगडायला लागली. तिथले उस्ताद साठीला आलेले. दोन पोरं हाताखाली, दारात नेहमी सात-आठ गाड्या. त्या दिवशी योगायोगाने एका स्प्लेंडरचं आणि एका प्लॅटिनाचं हाफ इंजिन उतरलेलं होतं. उस्तादांनी दोन्ही पिस्टन रॉकेलमध्ये धुतले, फडक्याने पुसले आणि माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. "बघा. काही कळतंय का?"

एक पिस्टन थोडा रुंद, एक थोडा बारीक. स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली धाव ४९.५ मिलिमीटर. जवळजवळ चौरसच. प्लॅटिनाचा व्यास ४७ आणि धाव ५८.८. म्हणजे स्प्लेंडरच्या पोटातला डबा बसका आणि प्लॅटिनाचा उंच. पहिलीचं माप ९७.२ सीसी, दुसरीचं १०२. मुठीत मावणाऱ्या त्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यांवर काजळीचा थर होता, रिंगांच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. एकेक पिस्टन किती हजार वेळा दौलताबादचा घाट चढला असेल, असं मनात आलं.

गॅरेजमधली पोरं लगेच म्हणतात, धाव लांब म्हणून ओढ जास्त. जात्याचा खुंटा मध्यापासून जितका दूर तितकं जातं ओढायला हलकं, हे दळणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. प्लॅटिनाच्या क्रँकचा खुंटा मध्यापासून २९.४ मिलिमीटरवर, स्प्लेंडरचा २४.७५वर. पण हे अर्धंच खरं आहे. खुंट्यावर पडणारा हातही पाहायला हवा. प्लॅटिनाचा पिस्टन बारीक, त्यामुळे स्फोटाचा दाब झेलणारी त्याची थाळी लहान, सुमारे १७.३ चौरस सेंटिमीटर. स्प्लेंडरची १९.६. खुंट्याने कमावलेलं पिस्टन बरंचसं घालवतो. लांब धावेचा फायदा दुसरीकडे आहे. ज्वलनाची जागा आटोपशीर राहते, ठिणगी पडल्यावर ज्वाळेला लांब पसरावं लागत नाही, उष्णता सिलिंडरच्या भिंतींत कमी मुरते. त्यात प्लॅटिनाला ठिणगीचे दोन प्लग. इंजिन सावकाश फिरत असतानाही जाळ नीट धरतं. कागदावर प्लॅटिनाचा सगळ्यात जास्त जोर मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर येतो आणि स्प्लेंडरचा ६,०००वर, त्याचं मूळ इथे आहे.

याची किंमतही मोजावी लागते. आपल्या पूर्ण ताकदीवर, म्हणजे ७,५०० फेऱ्यांवर, प्लॅटिनाचा पिस्टन सरासरी सेकंदाला १४.७ मीटर धावतो. स्प्लेंडरचा ८,००० फेऱ्यांवरही १३.२ मीटर. म्हणून प्लॅटिना ताणली की वैतागते, हँडलला आणि पायाला मुंग्या येतात. स्प्लेंडर त्याच वेगाला निवांत असते. उस्तादांच्या शब्दांत, "ही पळवायची नाय, हिला चालवायचं. ती पळवली तरी ऐकून घेते."

स्प्लेंडरचा हा सोसण्याचा गुण एका दिवसात आलेला नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जपानी हात धरून चार शंभरी गाड्या आपल्या रस्त्यांवर उतरल्या. टीव्हीएसची इंड-सुझुकी, एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००, बजाजची कावासाकी केबी १०० आणि १९८५ची हीरो होंडा सीडी १००. पहिल्या तिन्ही टू-स्ट्रोक. पेट्रोलबरोबर ऑइल जाळायच्या, मागे निळा धूर सोडायच्या आणि तरण्या पोरांना वेड लावायच्या. फोर-स्ट्रोक एकटी सीडी १००. पिकअप बेताचा, आवाज बेताचा, पण टाकी भरली की माणूस पंपाची वाट विसरून जायचा. त्या वेळी होंडाने भारतात दोन घरांशी सोयरीक केली होती. स्कूटरसाठी पुण्याची कायनेटिक आणि मोटारसायकलसाठी मुंजालांची हीरो. धारुहेड्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या सीडी १००च्या इंजिनाची नाळ थेट १९५८च्या होंडा सुपर कबपर्यंत जाते. सोबा नूडल्सच्या दुकानातल्या पोऱ्याला एका हाताने चालवता यावी म्हणून काढलेली ती जपानी दुचाकी. तिचा सिलिंडर जवळजवळ आडवा होता. स्प्लेंडरच्या इंजिनाकडे बाजूने बघा. आजही सिलिंडर पुढच्या चाकाकडे आडवा झोपलेला दिसेल.

त्याच मापाच्या इंजिनाची हीरो होंडा स्प्लेंडर आली १९९४ला. २०१०च्या डिसेंबरात होंडा आणि हीरो वेगळे होत असल्याचं जाहीर झालं, पुढच्या वर्षी कंपनीचं नाव बदललं, इंजिनाचं माप मात्र तेच राहिलं. बीएस-६ आल्यावर कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आला आणि रिझर्व्हचा कॉकही गेला. गाडी खोकायला लागली की चालता चालता डाव्या हाताने खाली चाचपून तो कॉक फिरवायची सवय दोन पिढ्यांच्या अंगात मुरली होती. तरीही ज्या मिस्त्रीने तीस वर्षांपूर्वी सीडी १०० खोलली होती, त्याचा हात आजच्या स्प्लेंडरच्या इंजिनात अडखळत नाही. महिन्याला दोन लाखांवर गाड्या खपतात, त्यात या ओळखीचा वाटा मोठा आहे.

प्लॅटिना बनवणाऱ्या बजाजची वाट वेगळी. चेतकने घराघरांत नाव कमावलेली ही पुण्याची कंपनी मोटारसायकलकडे उशिरा वळली. वाळूजचा कारखाना १९८५चा. संभाजीनगरच्या कितीतरी घरांतला पहिला पगारदार माणूस त्या पट्ट्याने घडवला. इथूनच निघालेल्या बॉक्सरचं इंजिन ९९.२७ सीसीचं, ५३ मिलिमीटर व्यास आणि ४५ मिलिमीटर धाव, म्हणजे आजच्या प्लॅटिनाच्या अगदी उलट, आखूड धावेचं. २००४ची सीटी १०० आणि २००६ची पहिली प्लॅटिना त्याच इंजिनावर चालल्या. २०१५मध्ये प्लॅटिनाच्या पोटात लांब धावेचं इंजिन आलं. माझ्या मते गाडीचा स्वभाव तिथे बदलला. ती ओझ्याच्या माणसाची गाडी झाली. आपल्याकडे बॉक्सर विस्मरणात गेली, पण युगांडाच्या बोडा-बोडावाल्या आणि नायजेरियाच्या ओकाडावाल्या मोटारसायकल टॅक्सीचालकांनी त्याच नावाच्या गाडीवर संसार उभे केले. वाळूजचं नाव ज्याने कधी ऐकलं नाही असा माणूस कंपालाच्या चढावर बजाजवर दोन गिऱ्हाइकं घेऊन निघालेला असतो, याचा मला अभिमान वाटतो.

आता घाट. दौलताबादच्या तटातून रस्ता आत शिरतो आणि किल्ला मागे पडला की चढाला लागतो. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेल्या माणसांनी हा रस्ता भरून जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कडेला सीताफळांच्या पाट्या लागतात, त्याही मोटारसायकलीवरूनच आलेल्या. भाच्याला मागे बसवून मी एकाच दिवशी दोन्ही गाड्या या घाटाने नेल्या. पुढे ट्रक रखडलेला असताना, वेग पार पडलेला असताना, एका वळणावर स्प्लेंडरला दुसरा गिअर टाकावाच लागला. त्याच वळणावर प्लॅटिना तिसऱ्यात कुरकुरली, पण चढली. वर सपाटीला लागल्यावर मात्र स्प्लेंडर अशी अलगद सुटली की शेजारून कुणी आवाज बंद केल्यासारखं वाटलं. एवढ्यावर मी निकाल दिला नसता. रस्ता फुटलेला नसता, तर तिथेच बरोबरी झाली असती.

पण रस्ता फुटलेला होता. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पिकं गेली, जनावरं गेली, त्या दुःखापुढे रस्त्याचं नाव काढायला जीभ रेटत नाही. तरी कामावर जाणाऱ्याला त्याच रस्त्याने जावं लागतं. प्लॅटिनाच्या पोटाखाली जमिनीपर्यंत २०० मिलिमीटर जागा आहे, स्प्लेंडरच्या खाली १६५. प्लॅटिनाचे पुढचे शॉकअप १३५ मिलिमीटर दबतात, मागचे ११०. मागच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगच्या आत स्प्रिंग आहे. एकटा माणूस असताना गाडी मऊ राहते, ओझं वाढलं की ताठ होते. सीट लांब आणि लोण्यासारखी. स्प्लेंडरचे मागचे शॉकअप पाच खाचांत कमी-जास्त करता येतात, पण फिरवतो कोण? मी विचारलेल्यांपैकी बहुतेकांना ती सोय असते हेच माहीत नव्हतं. स्प्लेंडरची चाकं १८ इंची, प्लॅटिनाची १७, त्यामुळे सरळ धावेत स्प्लेंडर जास्त स्थिर. खड्ड्यांत मात्र प्लॅटिना तिला मागे टाकते.

खुलताबादकडचे एक दूधवाले रोज पहाटे दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन अडकवून निघतात. म्हणजे मागच्या चाकावर नुसत्या दुधाचेच ऐंशी किलो, कॅनचं वजन आणखी वेगळं. गाडीचं स्वतःचं वजन ११७ किलो. त्यांच्याकडे आधी स्प्लेंडर होती, चार वर्षांपासून प्लॅटिना. मी विचारलं, "काका, फरक काय पडला?" त्यांनी शर्ट वर करून कमरेचा पट्टा दाखवला, दुखण्याचा, रुंद आणि कळकट झालेला. "हा आधी रोज बांधायचो. आता थंडीतच बांधतो." मग जरा थांबून म्हणाले, "वयही झालंय म्हणा, पण गाडीनं उपकार केले."

या गाड्यांच्या कुठल्याही तुलनेत मागे बसणाऱ्याचा विचार कधी केलेला मी पाहिला नाही. आपल्या रस्त्यांवर मागे बहुधा बाई असते, एका बाजूला पाय सोडून, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताने पोर किंवा पिशवी सांभाळत. खड्डा तिला दिसत नाही. पुढचा ब्रेक मारतो ते तिला कमरेतून कळतं. म्हणून मी ताईला दोन्ही गाड्यांवर घेऊन गेलो, गावापासून भद्रा मारुतीपर्यंत आणि परत. स्प्लेंडरवर ती सगळा वेळ मागची कडी घट्ट धरून होती. प्लॅटिनावर परत येताना आरशात पाहिलं, तिचे दोन्ही हात मांडीवरच्या सीताफळांच्या पिशवीवर होते.

मी उतरल्या उतरल्या निकाल सांगून टाकला. फुटका रस्ता, मागे माणूस, रात्रपाळी, वर काही हजारांनी स्वस्त आणि टाकी ११ लिटरची. स्प्लेंडरची ९.८. प्लॅटिना घ्या.

ताई म्हणाली, "बसायला चांगली हाय. पण विकायला गेल्यावर काय येईल तिचं?"

ती असं का विचारते हे मला माहीत होतं, पण तोवर मी ते हिशेबातच धरलं नव्हतं. दाजींचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री एका खासगी दवाखान्यात पैसे भरल्याशिवाय पुढचं काही हलेना. मी बाहेरगावी होतो. ताईने गळ्यातलं आधीच मोडलेलं होतं. दारात स्प्लेंडर उभी होती. सकाळी दीर ती घेऊन शहरात गेला आणि दुपारी जेवणाच्या वेळेला रोख पैसे घेऊन आला. घासाघीस नाही, "उद्या या" नाही. दाजी वाचले. ताईच्या लेखी ती गाडी प्रवासाची वस्तू राहिलीच नाही. तिच्या बोलण्यात आजही शब्द येतो तो विकली असा नाही, मोडली असा. आपण सोनं मोडतो तसं.

मग जुन्या गाड्यांच्या बाजारात जाऊन बसलो. तिथला व्यापारी गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघायच्या आधी दोन गोष्टी मागतो, आरसी आणि दुसरी चावी. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणून तो उतरवल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. दुसरी चावी नसेल तर गाडी कुठून आली याची शंका येते आणि भाव तिथेच पडतो. मग चासी नंबरवर बोट फिरवायचं, गार इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचा, धूर कसा आहे ते पाहायचं. प्लॅटिना आली तर हे सगळं करून तो म्हणतो, "ठेवून जा, गिऱ्हाईक आलं की फोन करतो." स्प्लेंडर आली तर पाकीट काढतो. मी कारण विचारलं. "साहेब, प्लॅटिना वाईट नाय. पण स्प्लेंडर ज्याला विकीन त्याच्या गावात तिचा पार्ट भेटतो, तिचा मिस्त्री भेटतो. मला तिच्याबद्दल काही सांगावं लागत नाय."

त्या दिवशी परत येताना माझा निकाल बदलला नाही, पण तो कोणासाठी आहे ते कळलं. यंत्र म्हणून, या रस्त्यावर, या ओझ्याला प्लॅटिना सरस आहे, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. ज्याच्या घरात पगार वेळेवर येतो, विमा आहे, बँकेत चार पैसे पडून आहेत, त्याने कंबर सांभाळावी आणि तीच घ्यावी. ज्या घरात दारातली गाडी हीच अडीनडीची ठेव आहे, तिथे गाडी निवडणारी बाई आजारपणाची रात्र मनात धरून निवड करते. तिला चुकीचं ठरवायचा अधिकार मला नाही. आपल्याकडे आजारपणाची सोय अशी आहे की माणसाला कमरेच्या सुखापेक्षा मोडीचा भाव आधी बघावा लागतो, याचा मला राग येतो. तो राग गाडीवर काढून उपयोग नाही.

२२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. शोरूमच्या किमतीत साधारण पावणेआठ टक्क्यांची सवलत म्हणजे घरच्या हिशेबात पाच-सहा हजार. कर्ज काढायचं नाही, असं ताईने बजावलं होतं. बोजा चढला की गाडी मोडता येत नाही. तिची भिशी, भाच्याचे दोन पगार आणि माझी भर असं मिळून जुळलं. दसऱ्याला दारात स्प्लेंडर आली. काळी. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मी शॉकअप मऊ खाचेवर आणून दिले, भाच्याला पाना कसा लावायचा ते दाखवलं, मागच्या चाकात हवा किती ठेवायची ते सांगितलं. पहिली फेरी त्याने आईला घालून आणली.

रात्री जेवणं झाल्यावर ताईने शोरूममधून आलेली दुसरी चावी माझ्याकडून मागून घेतली. एका जुन्या रुमालात गाठ मारून बांधली आणि फडताळातल्या पितळी डब्यात, नव्याने केलेल्या चार मण्यांच्या शेजारी ठेवली. आरसी आली की तीही तिथेच ठेवायची, असं भाच्याला सांगितलं. फोनमध्ये काय दिसतं ते त्याने पोलिसाला दाखवावं.